मद्यासक्ती : कुटुंबावरील परिणाम

मद्यासक्ती : कुटुंबावरील परिणाम. दारूच्या व्यसनामुळे व्यसनी व्यक्तीच्या जोडीदारावर, मुलांवर, आईवडिलांवर व निकटच्या इतरांवर होणारे मानसिक, शारीरिक, आर्थिक व सामाजिक परिणाम. भांडणे, मारहाण, कर्जबाजारीपणा, नोकरी जाणे हे परिणाम उघड दिसतात व सर्वपरिचित आहेत. अभ्यासकांचा वाद आहे तो वेगळ्याच मुद्द्यावर : घरच्यांचे बदललेले वागणे हे व्यसनाचे कारण मानावे, की परिणाम?

मनोविश्लेषणाच्या प्रभावाखालील आरंभीच्या लेखनात दोष बहुधा पत्नीच्या पदरी पडे. मूळचीच अस्थिर मनाची स्त्री दुबळा, मद्यपी नवरा निवडते. त्याचे पिणे तिला नकळत हवेच असते आणि तो सुधारला की ती ढासळते, अशी ही मांडणी. १९५३ मध्ये थेल्मा व्हेलन यांनी अशा पत्नींचे चार नमुने वर्णिले : सोसणारी, ताबा ठेवणारी, दोलायमान व शिक्षा करणारी. कौटुंबिक सल्लाकार्यातील अनुभवावर आधारलेले हे वर्गीकरण दीर्घकाळ उद्धृत होत राहिले.

१९५४ मध्ये अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जोन जॅक्सन यांनी ही दिशाच उलटवली. मद्यपींच्या पत्नींच्या गटात दीर्घकाळ बसून त्यांनी कुटुंबाच्या समायोजनाचे सात टप्पे नोंदवले. आधी समस्या नाकारली जाते, मग ती मिटवण्याची धडपड होते. त्यानंतर घराची घडी विस्कटते. पुढे पत्नी कारभार हाती घेते, प्रसंगी वेगळी होते, उरलेले कुटुंब नव्याने उभे करते. नवऱ्याची दारू सुटली तर सर्वांनाच पुन्हा जुळवून घ्यावे लागते. हा शेवटचा टप्पा वाटतो तितका सुखाचा नसतो. वर्षानुवर्षे पैशांचे व मुलांचे निर्णय एकटीने घेतलेल्या स्त्रीला ते अधिकार परत सोपवणे जड जाते. मदतगटात येणाऱ्या स्त्रियांपुरताच हा नमुना मर्यादित असल्याने टप्प्यांचा क्रम सार्वत्रिक मानता येत नाही. तरीही पत्नीची अस्वस्थता परिस्थितीतून येते हा जॅक्सन यांचा मूळ मुद्दा पुढील संशोधनात अधिक टिकला आहे.

साधारणतः १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून व्यसनमुक्ती केंद्रांच्या परिभाषेत सहव्यसनाधीनतेची कल्पना रूढ झाली. घरचे माणूस व्यसनी व्यक्तीला सावरण्यातच इतके गुंतते की, त्याचे स्वतःचे आयुष्य उरत नाही, असा तिचा आशय. १९८६ मध्ये टिमन सेर्मक यांनी ती स्वतंत्र व्यक्तिमत्त्वविकार मानण्याचा प्रस्ताव मांडला. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत मात्र तिला स्थान मिळाले नाही. सांभाळून घेण्याच्या वृत्तीला, विशेषतः स्त्रियांच्या, रोग ठरवण्याचा धोका टीकाकारांनी दाखवला आहे व तो रास्त वाटतो. कामाच्या ठिकाणी ‘ताप आलाय’ असे खोटे कळवणारी पत्नी त्या महिन्याचा पगार वाचवत असते. त्याच वेळी पिण्याचे परिणाम नवऱ्यापर्यंत पोचूही देत नसते.

मुले फार लवकर सावध होतात. जिन्यावरच्या पावलांवरून आज बाप किती प्यायला आहे हे ती ओळखतात. मित्रांना घरी आणायचे टाळतात. अशा मुलांचे ‘कर्तबगार’, ‘बळीचा बकरा’, ‘विदूषक’ असे साचे लोकप्रिय झाले असले, तरी त्यांना संशोधनाचा आधार तोकडा आहे. आनुवंशिकतेचा पुरावा अधिक भक्कम. १९७३ मध्ये डोनाल्ड गुडविन व सहकाऱ्यांच्या डेन्मार्कमधील अभ्यासात, दत्तक घरी वाढलेल्या मद्यपींच्या मुलग्यांत मद्यासक्तीचे प्रमाण तुलनेतील मुलग्यांच्या जवळजवळ चौपट आढळले. मद्यपी स्त्रियांच्या नवऱ्यांविषयीचे व भावंडांविषयीचे लेखन तुलनेने तुरळक आहे.

कुटुंबीयांसाठीची ‘अल-अनॉन’ ही संघटना १९५१ मध्ये लोइस विल्सन व सहकाऱ्यांनी उभी केली. किशोरांसाठीची ‘अलाटीन’ ही तिची शाखा १९५७ ची. अलीकडे नातेवाइकांनाच प्रशिक्षण देणाऱ्या पद्धती पुढे आल्या आहेत. रुग्ण न प्यायलेला असताना त्याच्याशी आपुलकीने वागावे, प्यायलेला असताना अंग काढून घ्यावे, उपचारांचा विषय योग्य वेळी काढावा व स्वतःची सुरक्षितता सांभाळावी, हे त्यात शिकवतात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत या मार्गाने ६४ टक्के, तर अल-अनॉनच्या धर्तीवरील मार्गदर्शनाने १३ टक्के रुग्ण उपचारांपर्यंत आले. ही तुलना जपून वाचावी लागते, कारण रुग्णाला उपचारांकडे वळवणे हा अल-अनॉनचा हेतूच नाही. तिथे येणाऱ्याने स्वतःला सावरावे एवढेच अपेक्षित असते.