नामदेववाणी (गुरू ग्रंथ साहिबातील)

शीख धर्माच्या गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट असलेली संत नामदेवांची (१२७०–१३५०) पदे. १८ रागांत मिळून त्यांची संख्या ६१ भरते. पाचवे गुरू अर्जनदेव यांनी १६०४ मध्ये भाई गुरदास यांच्याकडून आदिग्रंथ लिहवून घेतला, तेव्हा गुरूंच्या रचनांबरोबर कबीर, रविदास, शेख फरीद आदी भक्तांची वाणीही त्यात घेतली. ग्रंथाची मांडणी विषयानुसार नसून रागानुसार आहे. प्रत्येक रागात आधी गुरू, मग भक्त. त्यामुळे नामदेवांची पदे १४३० पृष्ठांच्या ग्रंथात विखुरलेली आहेत. या पृष्ठांना शीख ‘अंग’ म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ग्रंथ हा देहधारी गुरूच आहे.

पदांची भाषा जुनी हिंदी, लिपी गुरुमुखी. तरी मराठी कानाला ती परकी वाटत नाही. प्रभाती रागातली ही ओळ पाहावी: ‘तुम्ह चे पारसु हम चे लोहा संगे कंचनु भैइला’. ‘चे’ हा प्रत्यय आणि ‘ला’कारान्त क्रियापद थेट आपल्या बोलीतले. आसा रागात तर ‘ईभै बीठलु ऊभै बीठलु बीठल बिनु संसारु नही’ असा उघड विठ्ठलाचा गजर आहे. शीख परंपरा या बीठलाचा अर्थ निर्गुण, सर्वव्यापी परमेश्वर असा लावते. ही पदे दुसऱ्या एखाद्या नामदेवाची असावीत, असेही मत मांडले गेले आहे; पण पदांतल्या मराठी खुणा पाहता ते पटत नाही.

सर्वांत हृद्य पद भैरव रागातले. हसतखेळत देवळात आलेल्या नाम्याला भजन करताना धरून उठवतात. ‘छीपे के जनमि काहे कउ आइआ’, शिंप्याच्या जन्माला का घातलेस, असे तो देवालाच विचारतो आणि घोंगडी उचलून देवळामागे जाऊन बसतो. तो गुण गाऊ लागतो, तसतसे देऊळ त्याच्याकडे फिरते. मराठी परंपरेत हीच कथा औंढ्या नागनाथाची म्हणून सांगतात.

दहावे गुरू गोविंदसिंग यांनी १७०८ मध्ये नांदेड येथे ग्रंथालाच गुरुपद दिले. तेव्हापासून ग्रंथापुढे टेकलेला प्रत्येक माथा या पदांपुढेही टेकतो. रोज ग्रंथ उघडून जे पद समोर येईल तो ‘हुकमनामा’. तो नामदेवांच्या पदाचाही असू शकतो. पंजाबातील गुरदासपूर जिल्ह्यात घुमान येथे त्यांचे स्मारक असून, २०१५ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरले होते.