उतारावर ठरणारं समाधान

डोंगर चढताना दम लागतो, बोटं बधिर होतात, तंबूत धड झोप लागत नाही. तरी खाली उतरून आठवडा होतो न होतो तोच माणूस पुढच्या मोहिमेचा नकाशा उघडून बसतो. पर्यटकांचं समाधान मोजू पाहणाऱ्यांना हे गिऱ्हाईक जरा अवघडच जातं.

ग्राहकांच्या समाधानाचे अभ्यासक रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० मध्ये मांडलेला हिशेब सोपा आहे: आलेला अनुभव अपेक्षेहून सरस ठरला की माणूस खूश, कमी पडला की नाराज. हॉटेलच्या खोलीला तो चपखल बसतो. पण पहिल्यांदाच चढणाऱ्याला नेमकी अपेक्षा कशाची करायची तेच ठाऊक नसतं. त्याची सगळी भिस्त शिखरावर, आणि शिखर मिळणार की नाही ते हवामान ठरवणार.

शरीरही ठरवतं. ५५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. २५०० मीटरच्या पुढेच अनेकांना विरळ हवा बाधू लागते. डोकं ठणकतं, मळमळतं. म्हणून ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला साधारण ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा वैद्यकीय सल्ला असतो. आफ्रिकेतल्या ५८९५ मीटर उंचीच्या किलिमांजारोच्या नेहमीच्या वाटेवर दोर लावून चढावं लागत नाही, तरी घाईत गेलेले अर्ध्यातून परततात. सहल निवडताना मी फोटोंच्या आधी वेळापत्रक बघेन.

गाईडचं महत्त्वही इथेच कळतं. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी अभ्यासलेल्या लोकांत कडे चढणारेही होते. आव्हान आणि कौशल्य तोडीस तोड असलं की माणूस तहानभूक विसरतो, असं त्यांना दिसलं. वाट फार सोपी असेल तर कंटाळा, फार अवघड असेल तर धास्ती. ही तोड जमवणं गाईडच्या हातात असतं.

आता आठवणीचा खेळ. १९९३ च्या एका प्रयोगात मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना १४ अंशांच्या गार पाण्यात मिनिटभर हात बुडवायला लावला. दुसऱ्या फेरीत तेवढंच, वर आणखी अर्धा मिनिट, फक्त शेवटी पाणी एका अंशाने कोमट होत गेलेलं. पुन्हा कोणती फेरी कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेली निवडली! त्रास किती वेळ झाला यापेक्षा तो कुठे टोकाला गेला आणि कसा संपला, हेच लक्षात राहिलं होतं.

डोंगरावर सुखाचं टोक वर असतं, शेवट मात्र उतारावर: गुडघे दुखताहेत, अंगठे बुटाच्या टोकावर आपटताहेत, पुढे गेलेला गाईड हाका मारतोय. आणि अभिप्रायाचा कागद पुढे येतो तो नेमका तेव्हा, बूट काढायच्याही आधी.