मार्बलला ॲसिड लावू नका (फिटिंगच्या आधी वाचा, मिस्त्रीलाही दाखवा)

मार्बलची चमक गेली, माल डुप्लिकेट दिला का, ही तक्रार घेऊन दुकानात सारखं कोणी ना कोणी येतं. मार्बल खरा असला तरी ॲसिडनं त्याची चमक जाणारच, का ते सांगतो.

मार्बल म्हणजे मुळात चुनखडक. ताजमहालाला वापरलेला मकराण्याचा पांढरा मार्बल घ्या, अरवली डोंगर घडताना, म्हणजे १०० कोटींहून जास्त वर्षांपूर्वी, तो चुनखडक जमिनीत खोल दाबला गेला, तिथं शेकडो डिग्री उष्णता आणि वरून-बाजूनं प्रचंड दाब, तरी दगड वितळला नाही बरं का, घट्ट असतानाच त्यातले बारीक कण नव्यानं वाढले आणि एकमेकांत गच्च बसले. तुकडा फोडून उन्हात धरा, साखरेसारखे चमकतात ते हेच कण. मूळ चुनखडकात माती वगैरे मिसळलेली होती तिच्या रेषा झाल्या, दाबात वळल्या, म्हणून दोन स्लॅब अगदी सेम मिळत नाहीत.

आपल्या अजिंक्यताऱ्याचा काळा दगड वेगळा, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. म्हणून साताऱ्यात मार्बलची खाण नाही, माल राजस्थानातून येतो आणि रेटमध्ये गाडीभाडं धरावंच लागतं.

तर एवढं सगळं सोसूनही मार्बलमधलं कॅल्शियम कार्बोनेट तेच राहतं, त्यावर ॲसिड पडलं की फसफसतं आणि पॉलिशचा थर विरघळतो. जास्त नुकसान वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी होतं, सिमेंटचे डाग काढायला मिस्त्री ॲसिड ओततो आणि सगळी फरशी धुरकट. मग घरचे घासत बसतात, पण तो डाग नसतोच, दगडच वरून खाल्लेला असतो. मशीन लावून जाड पॅडपासून बारीक पॅडपर्यंत परत पॉलिश करावं लागतं, त्यात सामान आलेलं असलं की काम रखडतं. असा माल आम्ही परत घेत नाही, कारण दोष दगडाचा नाही.

लिंबू, चिंच, टॉयलेट क्लीनरचंही तेच. देवघरात पंचामृत सांडलं तर लगेच पुसा, त्यात दही असतं. शहाबादी, कोटा हेही चुनखडकच, त्यांनाही ॲसिड नको.

ओट्याला ग्रॅनाइट घ्या म्हणतो ते माल खपवायला नाही, ग्रॅनाइटवर लिंबू सांडलं तरी काही होत नाही. विश्वास नसेल तर दोन्हीचे तुकडे फुकट न्या, लिंबू पिळून थोड्या वेळानं पुसा आणि उजेडात तिरके धरून बघा. मार्बलला चालणारं क्लीनर दुकानात आहे, रिपॉलिशही करून देतो, फक्त सणाच्या आधी गर्दी असते तेव्हा लवकर सांगा.