स्टेज डोअर (१९३७)

ग्रेगरी ला कावा यांनी दिग्दर्शित केलेला अमेरिकन बोलपट. निर्मिती आरकेओ रेडिओ पिक्चर्सची, निर्माते पॅन्ड्रो बर्मन. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर काम मिळवण्यासाठी धडपडणाऱ्या तरुण नट्या एका स्वस्त वसतिगृहात दाटीवाटीने राहतात. त्यांच्या थट्टामस्करीची, उसनवारीची आणि उपासमारीची ही गोष्ट. चित्रपट कृष्णधवल असून त्याची लांबी ९२ मिनिटे आहे. तो ऑक्टोबर १९३७ मध्ये प्रदर्शित झाला. कॅथरिन हेपबर्न, जिंजर रॉजर्स, अ‍ॅडॉल्फ मेन्जू, आंद्रेया लीड्स आणि गेल पॅट्रिक यांच्या प्रमुख भूमिका. ल्यूसिल बॉल, ईव्ह आर्डन आणि अ‍ॅन मिलर पुढे खूप मोठ्या झाल्या, पण इथे त्या घोळक्यातल्या मुली आहेत. स्क्रूबॉल, म्हणजे चकमकी आणि वेगवान संवादांवर चालणाऱ्या, विनोदपटांच्या यादीत हा चित्रपट हमखास सापडतो, तरी त्या यादीत तो नीट बसत नाही. बराच वेळ तो पोट धरून हसवतो आणि मग त्या घरातली एक मुलगी जीव देते.

मूळ नाटक : एडना फर्बर आणि जॉर्ज एस. कॉफमन या जोडीचे याच नावाचे नाटक २२ ऑक्टोबर १९३६ रोजी ब्रॉडवेवर म्युझिक बॉक्स थिएटरात लागले. नायिका टेरी रँडलचे काम मार्गारेट सुलव्हन करत. नाटक चांगले चालू असताना त्या गरोदर राहिल्या आणि १६९ प्रयोगांनंतर ते बंद करावे लागले. नाटकातल्या ‘फूटलाइट्स क्लब’ला आधार होता मॅनहॅटनमधल्या ‘रिहर्सल क्लब’चा. १९१३ मध्ये सुरू झालेल्या या वसतिगृहात रंगभूमीवर नशीब काढायला आलेल्या मुलींना परवडेल अशा दरात खोली आणि जेवण मिळे. फर्बर यांची भाची जॅनेट फॉक्स स्वतः नटी होती, त्यामुळे हे जग लेखिकेला घरबसल्या ठाऊक होते.

नाटकाचा रोख हॉलीवूडवर होता. रंगभूमीशी इमान राखणारी टेरी एकीकडे, सिनेमाच्या पैशाला भुलून निघून जाणारी तिची खोलीतली सोबतीण जीन दुसरीकडे, आणि या वादात नाटककारांनी आपली बाजू अजिबात लपवली नव्हती. आपल्याच धंद्याला शिव्या घालणारे हे नाटक स्टुडिओने विकत घेतले खरे, पण पटकथेत त्या शिव्या गाळून टाकल्या. मॉरी रिस्किंड आणि अँथनी व्हायलर यांच्या पटकथेत नाटकातले वसतिगृह, काही पात्रे आणि एक आत्महत्या एवढेच उरले. गंमत म्हणजे रिस्किंड हे कॉफमन यांचे जुने सहलेखक. १९३२ च्या पुलित्झर पारितोषिकाच्या मानकऱ्यांत दोघेही होते. एवढे बदलल्यावर ‘स्टेज’ (रंगमंच) काढून ‘स्क्रीन’ (पडदा) घालावा आणि चित्रपटाला ‘स्क्रीन डोअर’ असेच नाव द्यावे, अशी एक शाब्दिक कोटी कॉफमन यांच्या नावावर सांगितली जाते.

कथानक : फूटलाइट्स क्लबमध्ये टेरी रँडल (हेपबर्न) राहायला येते. गव्हाच्या व्यापारात गबर झालेल्या बापाची ही लेक. स्वतःच्या हिमतीवर नटी व्हायचे असे तिने ठरवले आहे. तिला जीन मेटलँड (रॉजर्स) या फटकळ नर्तिकेची खोली वाटून घ्यावी लागते. जीनचे आधीच्या सोबतिणीशी, लिंडाशी, हाडवैर आहे, आणि चित्रपट सुरू होतो तोच मुळी या दोघींच्या मोज्यांवरच्या भांडणाने. लिंडाला निर्माता अँथनी पॉवेल (मेन्जू) फिरवतो, भेटी देतो. त्याची नजर जीनवर जाते आणि जीन व तिची जोडीदारीण अ‍ॅनी यांना एका नाइटक्लबात नाचाचे काम मिळते.

याच घरात के हॅमिल्टन (लीड्स) राहते. साऱ्याजणींत खरी गुणी तीच. वर्षभरापूर्वी तिचे काम वाखाणले गेले, त्यानंतर हाताला काम नाही. भाडे थकलेले, जेवण टाळलेले. ‘एन्चांटेड एप्रिल’ या नव्या नाटकातली नायिका आपल्याला मिळेल एवढ्या आशेवर ती तग धरून आहे. पॉवेलने ठरलेली भेट ऐनवेळी रद्द केल्यावर ती त्याच्या कचेरीतच चक्कर येऊन पडते आणि टेरी थेट आत घुसून त्याची खरडपट्टी काढते. पुढे टेरीचा बाप गुपचूप त्या नाटकात पैसे घालतो. अट एकच, नायिका टेरी. पोरगी सपशेल आपटेल आणि मुकाट घरी येईल, हा त्याचा हिशेब. तालमींत टेरी लाकडासारखी उभी राहते, तेव्हा हिशेब बरोबर निघणार असेच वाटते. पहिल्या प्रयोगाच्या संध्याकाळी के तिला शुभेच्छा देते, एकटीच जिना चढून वर जाते आणि खिडकीतून उडी घेते. पडदा उघडायच्या जरा आधी जीन ही बातमी टेरीच्या तोंडावर फेकते. टेरी रंगमंचावर जायला नकार देते. म्हातारी मिस ल्यूथर (कॉन्स्टन्स कॉलियर) तिला के साठी जायला लावते. टेरीचे काम अप्रतिम होते. प्रयोगानंतर प्रेक्षकांसमोर ती श्रेय के ला देते आणि जीनशी तिचा समेट होतो.

चित्रीकरण : ला कावा मूळचे व्यंगचित्रकार. मूकपटांच्या काळात त्यांनी आधी अ‍ॅनिमेशनपटांत आणि नंतर विनोदी नट डब्ल्यू. सी. फील्ड्सबरोबर काम केले. लिखित पटकथेवर त्यांचा फारसा विश्वास नसे. १९३६ च्या ‘माय मॅन गॉडफ्री’मध्ये त्यांनी जे केले, तेच इथे जास्त मोकळेपणाने केले. चित्रीकरणाआधी त्यांनी मुलींना सेटवर एकत्र आणले, वसतिगृहात असल्यासारखे बसायला, उठायला, गप्पा मारायला सांगितले आणि त्यांचे बोलणे टिपून घेतले. त्यातले नेमके संवादात आले. रोजचे प्रसंग बरेचदा त्या त्या दिवशी लिहिले जात. त्यामुळे स्टुडिओच्या जिवाला घोर लागणे साहजिक होते.

हेपबर्न यांनाही तो लागला होता. ‘मेरी ऑफ स्कॉटलंड’, ‘अ वुमन रेबेल्स’, ‘क्वालिटी स्ट्रीट’ असे त्यांचे लागोपाठ पडलेले चित्रपट मागे होते, आणि रॉजर्स मात्र फ्रेड अस्टेअर यांच्याबरोबरच्या नृत्यपटांमुळे ऐन भरात. आपली भूमिका आहे तरी कोणती, असे विचारायला हेपबर्न निर्माते बर्मन यांच्याकडे गेल्या तेव्हा यशस्वी चित्रपटात दुय्यम काम मिळाले तरी नशीब समजा, अशा अर्थाचे उत्तर मिळाल्याचे त्यांनीच पुढे सांगितले आहे. दोघी नायिकांमधला हा पडद्याबाहेरचा ताण ला कावांनी पडद्यावर चपखल वापरला. घरंदाज, सुस्पष्ट, किंचित उपदेशकी उच्चारांची टेरी आणि शब्द अर्धवट चावून टोमणा मारणारी जीन यांच्या नुसत्या आवाजांतच वर्गभेद ऐकू येतो.

सगळ्यांत लहान अ‍ॅन मिलर. नाचात ती रॉजर्स यांच्या बरोबरीने उभी राहते. वय तेव्हा जेमतेम चौदा, आणि कागदोपत्री अठरा. जन्मदाखला खोटा होता.

घरातले बोलणे : या चित्रपटाची खरी कमाई त्याचे संवाद आहेत, आणि संवादांपेक्षाही ते एकमेकांवर आदळण्याची रीत. दिवाणखान्यात आठदहा मुली पसरलेल्या असतात. कोणी जिन्यावर, कोणी पियानोपाशी, कोणी फोन कधी वाजतो याकडे कान लावून. एकीचे वाक्य संपण्याआधी दुसरीचे सुरू होते, त्यावर तिसरी कोपऱ्यातून शेरा मारते. ईव्ह आर्डन गळ्यात मफलरसारखे मांजर टाकून फिरतात आणि चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता बोलतात. रोजच्या मटणाच्या रश्श्यावर प्रत्येकीचा वेगळा विनोद आहे. ल्यूसिल बॉलची ज्यूडी सिअ‍ॅटलच्या लाकूड व्यापाऱ्यांबरोबर जेवायला जाते ती केवळ तो रस्सा चुकवायला, आणि सोबत जीनलाही ओढते.

टेरी खोलीत येते तो प्रसंग नमुना म्हणून पाहण्यासारखा आहे. लहानशी खोली, दोन खाटा, आणि टेरीच्या पेट्यांची रांग संपता संपत नाही. भारी कपडे बाहेर निघू लागतात. जीन शांतपणे सुचवते की पेट्या इथे राहू द्याव्यात आणि आपण दोघींनी बाहेर बोळात झोपावे, उगाच पेट्यांची गैरसोय नको. आवाज चढत नाही, कोणी हसत नाही. पण हे कपडे कोणा पुरुषाने घेऊन दिले असणार हा जीनचा तर्क, टेरीला न कळलेला तिचा टोमणा, आणि श्रीमंतीची लाज नसली तरी ती लपवण्याची टेरीची धडपड, सगळे त्या एका खोलीत मावते.

लिलीची फुले : चित्रपटातल्या नाटकात टेरीच्या तोंडी कॅला लिलीची फुले पुन्हा बहरल्याचे एक वाक्य आहे. ते गमतीने निवडलेले नव्हते. डिसेंबर १९३३ मध्ये हेपबर्न ब्रॉडवेवर ‘द लेक’ या नाटकात उतरल्या, समीक्षकांनी त्यांना सोलून काढले, आणि ५५ प्रयोगांत नाटक गुंडाळले गेले. भावनांची सगळी श्रेणी त्यांनी ‘ए’पासून ‘बी’पर्यंत दाखवली, हा लेखिका डॉरथी पार्कर यांच्या नावे चालणारा शेरा त्याच वेळचा. लिलीच्या फुलांचे वाक्यही ‘द लेक’मधलेच. म्हणजे तालमीत टेरी जे कोरडे, फुगवलेले बोलणे बोलते ते एका अर्थी हेपबर्न यांनी केलेले स्वतःचेच विडंबन आहे. नंतर पहिल्या प्रयोगात तेच वाक्य त्या जवळजवळ पुटपुटतात. पुढे आयुष्यभर नकलाकारांनी हेपबर्न यांची नक्कल करताना हेच वाक्य धरले.

स्क्रूबॉल म्हणावा का : १९३४ च्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’पासून रुळलेल्या या प्रकाराचे ठोकताळे ठरलेले आहेत. श्रीमंत घरातली हट्टी मुलगी, पायावर उभा असलेला फटकळ नायक, दोघांची चकमक, वेगवान संवाद, शेवटी लग्न. ‘स्टेज डोअर’मध्ये हट्टी मुलगी आहे आणि फटकळ जोडीदारही आहे, फक्त तो पुरुष नाही. चकमक आणि समेट दोन मैत्रिणींत होतो. पुरुष पात्रे सगळी कडेला: पॉवेल लंपट आणि हास्यास्पद, टेरीचा बाप कारस्थानी, ज्यूडीचे व्यापारी भोळसट. लग्न करून जाते ती ज्यूडी, आणि चित्रपट त्याला यशही म्हणत नाही, अपयशही.

१९३४ पासून हॉलीवूडच्या चित्रपटांवरील नैतिक संहितेची अंमलबजावणी कडक झाली होती, त्यामुळे निर्मात्याच्या मेहेरबानीने काम मिळवण्याचा व्यवहार उघड दाखवता येत नव्हता. ला कावांनी तो पॉवेलच्या घरातल्या फोटोंवरून दाखवला. बायकोचा आणि मुलाचा फोटो तो मुद्दाम समोर मांडून ठेवतो. माणसे खोटी, पण आलेल्या मुलीने लग्नाचा विषय काढू नये म्हणून सोय. आपण कशासाठी आलो आहोत हे त्या मुलीला कळते, प्रेक्षकालाही कळते, आणि सेन्सॉरला बोट ठेवायला जागा राहत नाही.

बाहेर महामंदी होती. ब्रॉडवेवरची नाटके कमी झाली होती, नटांची बेकारी एवढी की १९३५ मध्ये सरकारला ‘फेडरल थिएटर प्रोजेक्ट’ काढून त्यांना पगार द्यावा लागला. चित्रपट याची चर्चा करत नाही. के ताटावरून उठते, एवढेच दाखवतो. बाकीच्या मुलींची वटवट या भुकेवरचा उतारा आहे हे एकदा ध्यानात आले की आधीचे विनोद दुसऱ्यांदा पाहताना वेगळे लागतात.

शेवटच्या भागाबद्दल मात्र तक्रार रास्त आहे. मैत्रीण मेली म्हणून लाकडासारखी मुलगी तासाभरात थोर नटी होते, हे पटत नाही. अभिनय ही कसब असलेली गोष्ट आहे, अपघात नव्हे, आणि हे सांगण्याचा हक्क सर्वांत जास्त के ला होता. ज्या मुलीजवळ कसब होते तिला मारून चित्रपट तिचे श्रेय पैसेवाल्या मुलीला देतो, मग भरतवाक्यात माफी मागतो. तरी के चा जिना चढण्याचा प्रसंग या गणिताच्या पलीकडचा आहे. कॅमेरा लीड्स यांच्या चेहऱ्याजवळ जातो, तिच्या डोक्यात जुन्या प्रयोगाच्या टाळ्या वाजू लागतात, आणि चेहरा आनंदी होत जातो. उडी दाखवलेलीच नाही.

स्वागत आणि नंतर : दहाव्या अकादमी पुरस्कारांसाठी चित्रपट, दिग्दर्शन, पटकथा आणि सहायक अभिनेत्री (लीड्स) अशी चार नामांकने मिळाली, पुरस्कार एकही नाही. न्यूयॉर्कच्या चित्रपट समीक्षकांनी मात्र १९३७ चे सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक म्हणून ला कावांना निवडले. गल्ल्यावर नफा बेताचाच झाला. मे १९३८ मध्ये चित्रगृहचालकांच्या एका संघटनेने छापलेल्या जाहिरातीत हेपबर्न यांचे नाव तिकीटबारीला विष ठरलेल्या कलावंतांत आले आणि त्या आरकेओतून बाहेर पडल्या. रॉजर्स यांना १९४० च्या ‘किटी फॉइल’साठी ऑस्कर मिळाले. कॉलियर पुढे हेपबर्न यांच्या मैत्रीण आणि शिक्षिका झाल्या. लीड्स यांनी थोड्याच वर्षांत सिनेमा सोडला. ल्यूसिल बॉल दूरचित्रवाणीवर अमाप लोकप्रिय झाल्या, आणि ज्या आरकेओत त्या घोळक्यातली एक मुलगी होत्या, त्याच स्टुडिओची जागा १९५७ मध्ये त्यांच्या आणि पती डेसी आर्नाझ यांच्या डेसिलू कंपनीने विकत घेतली. रिहर्सल क्लब १९७९ पर्यंत चालू होता. १९५० च्या दशकात तिथे राहून गेलेल्यांत कॅरल बर्नेट यांचे नाव आहे.