बेनिनच्या राजवाड्याची विखुरलेली वही

फेब्रुवारी १८९७ मधला एक फोटो आहे. बेनिनच्या जळालेल्या राजवाड्याचं आवार, त्यात बसलेले ब्रिटिश अधिकारी आणि त्यांच्या समोर जमिनीवर पितळी फलकांचा ढीग. बेनिनवर चालून गेलेल्या त्या मोहिमेतल्या अधिकाऱ्यांनी या ढिगासाठी वापरलेला शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही: लूट. हिंदुस्थानातूनच तो इंग्रजीत गेला होता.

सव्वाशे वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, 'डिजिटल बेनिन' हा प्रकल्प लोकांसाठी खुला झाला. बेनिनच्या राजवाड्यातून गेलेल्या आणि तेव्हा २० देशांतल्या १३१ संस्थांकडे असलेल्या ५,२४६ वस्तूंच्या नोंदी त्याने एका ठिकाणी आणल्या. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या रोथेनबाउम संग्रहालयाच्या आश्रयाने आणि अर्न्स्ट फॉन सीमेन्स कला प्रतिष्ठानच्या पैशांतून हे काम झालं. त्यात नायजेरियातल्या आणि युरोपातल्या अभ्यासकांनी मिळून भाग घेतला. वस्तू किती आणि कुठे आहेत, हे त्याआधी नेमकं कोणालाच सांगता येत नव्हतं. अंदाज तीन हजारांपासून दहा हजारांपर्यंत जात. ज्या घरातून चोरी झाली त्या घरालाच काय काय गेलं ते माहीत नाही, अशी ही अवस्था सव्वाशे वर्षं टिकली. ती कशी आली हे कळल्याशिवाय या यादीचं मोल कळत नाही.

आधी नावाचा घोळ दूर करू. नकाशावर आज 'बेनिन' नावाचा जो देश दिसतो, त्याचा या राज्याशी संबंध नाही. तो पूर्वीचा दाहोमे, त्याने १९७५ मध्ये हे नाव घेतलं. आपण बोलतोय ते एडो लोकांचं राज्य दक्षिण नायजेरियात आहे. बेनिन सिटी ही त्याची राजधानी, आणि राजाला 'ओबा' म्हणतात. पहिला ओबा एवेका साधारण १२०० च्या सुमारास गादीवर आला असं मानतात. त्याच घराण्यातले ओबा एवुआरे दुसरे २०१६ पासून गादीवर आहेत. म्हणजे हा मोडीत निघालेल्या राजवंशाचा जुना माल नाही. ज्यांच्या पूर्वजांच्या वेदीवरून वस्तू उचलल्या, ते घर आजही नांदतं आहे.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज व्यापारी इथे पोचले. त्यांनी पितळेची कडी आणली, मिरी, हस्तिदंत आणि माणसं नेली. 'मनिला' म्हणून ओळखली जाणारी ही कडी पुढे पश्चिम आफ्रिकेच्या गुलाम-व्यापाराचं चलनच झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका धातू-परीक्षणातून दिसलं की बेनिनच्या बऱ्याच कामातलं पितळ अशाच कड्यांचं आहे आणि त्या कड्यांचा धातू जर्मनीतल्या ऱ्हाइनकाठच्या खाणींतला आहे. जगभर या वस्तूंना 'बेनिन ब्राँझ' म्हणतात खरं, पण त्यातल्या बहुतेक पितळी आहेत, आणि कित्येक तर हस्तिदंताच्या, लाकडाच्या, पोवळ्यांच्या.

पितळ ओतणाऱ्यांची वस्ती इगून नावाच्या रस्त्यावर. तिथे आजही भट्ट्या पेटतात. आपल्याकडच्या ओताऱ्यांना ही रीत ओळखीची वाटेल. मातीच्या गाभ्यावर मेणाचा थर द्यायचा आणि त्या मेणात चेहरा, गळ्यातले मणी, वेणीचा पीळ कोरायचा. वरून पुन्हा माती लिंपायची. भट्टीत मेण वितळून वाहून जातं, त्याच्या जागी वितळलेलं पितळ शिरतं. थंड झाल्यावर साचा फोडावाच लागतो, त्यामुळे एका साच्यातून एकच वस्तू निघते. पूर्वी हे ओतारी फक्त ओबासाठी काम करत.

राजा वारला की नवा ओबा बापाच्या नावाने वेदी उभारे. तिच्यावर पितळेचं मस्तक ठेवायचं आणि मस्तकाच्या माथ्यावरच्या भोकात कोरीव हस्तिदंत उभा करायचा. राजमातेलाही मान होता. सोळाव्या शतकातल्या ओबा एसिगीने आपल्या आईला, इडियाला, 'इयोबा' ही पदवी दिली. तिचा म्हणून ओळखला जाणारा हस्तिदंती मुखवटा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि त्याच्या जोडीचा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये. माथ्यावरच्या मुकुटात पोर्तुगिजांचे दाढीवाले चेहरे ओळीने कोरलेले आहेत. वीतभर उंचीचा तो ऐवज, पण एका राज्याचा आईविषयीचा आदर आणि समुद्रापलीकडचा व्यापार दोन्ही त्यात आले.

मला सर्वांत जास्त खिळवतात ते फलक. हात-दीड हाताचे, बहुतेक उभट आयताकृती, आणि त्यांवर उठावात ओबा, सरदार, वादक, शिकारी, पोर्तुगीज शिपाई. सोळाव्या-सतराव्या शतकात ते राजवाड्याच्या खांबांवर ठोकलेले असत. कोपऱ्यांत खिळ्यांची भोकं अजून दिसतात. पुढे ते उतरवून कोठारात ठेवले गेले. तिथेही ते अडगळ म्हणून पडून नव्हते. अभ्यासकांनी एक मौखिक आठवण नोंदवून ठेवली आहे: दरबारात रीतिरिवाजाचा वाद निघाला, कोणत्या सरदाराने काय नेसावं, कुठे उभं राहावं, की हे फलक काढून पाहिले जात. एडो भाषेत 'आठवण ठेवणे' या अर्थाच्या क्रियापदाचा शब्दशः अर्थ 'धातूत आकृती ओतणे' असा होतो, अशीही नोंद आहे. राजवाड्याचं दप्तर पितळेत होतं. त्यामुळे १८९७ ची लूट ही दप्तरखान्याचीही लूट होती, असं मला वाटतं.

ती कशी झाली? इंग्रजांशी झालेल्या १८९२ च्या तहानंतरही ओबा ओवोन्रामवेन व्यापारावरचा आपला ताबा सोडत नव्हता. पामतेल आणि रबर यांवर इंग्रज व्यापाऱ्यांचा डोळा होता. त्या भागातला ब्रिटनचा हंगामी प्रतिनिधी (कॉन्सल-जनरल) जेम्स फिलिप्सने नोव्हेंबर १८९६ मध्ये लंडनला पत्र लिहून ओबाला हटवायची परवानगी मागितली. राजाच्या घरात या कामाचा खर्च निघेल इतका हस्तिदंत मिळेल, अशी आशाही त्याने त्यात व्यक्त केली. म्हणजे हिशोब आधीच मांडलेला होता. परवानगीची वाट न पाहता जानेवारी १८९७ मध्ये तो निघाला. बेनिनमध्ये तेव्हा इग्वे उत्सव चालू होता आणि या काळात येऊ नका असा निरोप त्याला गेला होता. वाटेत त्याच्या तुकडीवर हल्ला झाला. फिलिप्स आणि बरोबरचे बहुतेक लोक मारले गेले, गोऱ्यांपैकी दोघेच वाचले. आफ्रिकन हमालही मोठ्या संख्येने मेले, पण लंडनच्या हळहळीत त्यांना जागा नव्हती.

सहा आठवड्यांच्या आत रिअर ॲडमिरल हॅरी रॉसनच्या हाताखाली सुमारे १,२०० जणांची फौज आली. १८ फेब्रुवारीला शहर पडलं, तीन दिवसांनी आगीत राजवाडा जळाला. ओवोन्रामवेनला कलाबारला हद्दपार केलं आणि १९१४ मध्ये तो तिथेच वारला. त्याच वर्षी त्याचा मुलगा एवेका दुसरा गादीवर बसला. राजवाडा त्याने पुन्हा उभा केला, पण वेद्यांवर ठेवायच्या वस्तू युरोपात होत्या.

त्या वर्ष संपायच्या आतच विकल्या जाऊ लागल्या होत्या. सुमारे ३०० फलक १८९७ च्या शरदात ब्रिटिश म्युझियममध्ये मांडले गेले. त्यातले सुमारे २०० तिथे राहिले, बाकीचे सरकारने विकून टाकले. अधिकाऱ्यांनी आपापला वाटा घरी नेला, काहींनी लिलावात काढला. जर्मन संग्रहालयांनी मन लावून खरेदी केली. आज ब्रिटिश म्युझियमकडे ९०० हून अधिक वस्तू आहेत, बर्लिनकडे २०२२ पर्यंत ५०० हून अधिक होत्या. ज्या खांबावर दोन फलक शेजारी होते, त्यातला एक लंडनला आणि दुसरा बर्लिनला गेला असेल तर ते जोडीचे होते हे सांगणार कोण? कोणती वस्तू कोणत्या वेदीवरची, कोणत्या दालनातली, हे उचलताना कोणी टिपून ठेवलं नाही. हे नुकसान आगीपेक्षा मोठं आहे.

याद्या मात्र तेव्हापासूनच होत्या. बर्लिनच्या फेलिक्स फॉन लुशानने १९१९ मध्ये तीन खंडांत मोठी सूची छापली. अभ्यास म्हणून ती थोरच, पण ती जर्मन भाषेत, युरोपातल्या वाचकासाठी.

इकडे मागणीही थांबली नव्हती. १९३० च्या दशकात ओबा अकेन्झुआ दुसरे यांनी बर्लिनमधली दोन राजासनं परत मागितली. बर्लिनने त्यांच्या प्रतिकृती करून पाठवल्या. १९३८ मध्ये पोवळ्यांचे दोन मुकुट आणि पोवळ्यांनी गुंफलेलं एक वस्त्र इंग्लंडहून खरोखर परत आलं, पण असे प्रसंग बोटांवर मोजण्याइतकेच. स्वतंत्र नायजेरियाने १९७७ च्या लागोसमधल्या आफ्रिकी कला महोत्सवाचं चिन्ह म्हणून इडियाचा मुखवटा निवडला आणि तो उसना मागितला. ब्रिटिश म्युझियमने दिला नाही. शेवटी नायजेरियाने प्रतिकृती करून घेतली.

म्हणूनच डिजिटल नोंदींबद्दल बेनिनमध्ये शंका असणं मी साहजिक समजतो. मूळ वस्तू मागितल्यावर नकलेवर भागवावं लागण्याचा अनुभव दोनदा आलेला आहे. फोटो आणि माहिती म्हणजे तिसरी नक्कल तर नव्हे?

२०१० मध्ये युरोपातली मोठी संग्रहालयं, नायजेरियाचं राष्ट्रीय संग्रहालय खातं आणि राजदरबार यांचा 'बेनिन डायलॉग ग्रुप' सुरू झाला. बोलणी लांबत गेली. २०१८ मध्ये लायडेनला ठरलं ते एवढंच की बेनिन सिटीत संग्रहालय उभं राहिल्यावर तिथे वस्तू आळीपाळीने उसन्या पाठवायच्या. स्वतःच्याच वस्तू उसन्या घेणं म्हणजे काय, हे २०२४ मध्ये लंडनहून तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्यात आलेली वाघनखं पाहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. डिजिटल सूचीची कल्पना याच गटाच्या चर्चांतून पुढे आली आणि २०२० मध्ये प्रत्यक्ष काम सुरू झालं.

काम किचकट होतं. शंभरावर संस्थांच्या नोंदवह्या, प्रत्येकीची भाषा आणि पद्धत वेगळी. एकीकडे 'मस्तक', दुसरीकडे 'डोकं, पितळ', तिसरीकडे नुसतं 'पश्चिम आफ्रिका'. तीच वस्तू फिरून फिरून दुसऱ्या विक्रेत्याकडे गेलेली. वस्तू कोणत्या अधिकाऱ्याने नेली, कोणत्या दलालाने विकली, कोणत्या लिलावात गेली, ही साखळी कडी कडी जोडत तपासावी लागली. त्या अधिकाऱ्यांची आणि दलालांची नावं आता उघडपणे शोधता येतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पण या सूचीचा जीव आहे तो एडो नावांत. संग्रहालयाच्या पाटीवर 'खुळखुळा असलेली काठी' असते, ती इथे 'उखुऱ्हे' असते: पूर्वजांना हाक देण्यासाठी वेदीवर ठेवायचा दंड. 'समारंभी तलवार' या एकाच शब्दाखाली कोंबलेल्या दोन निराळ्या वस्तू 'अदा' आणि 'एबेन' म्हणून सुट्या होतात, आणि 'फलक' पुन्हा 'आमा' होतो. ही नावं एडो बोलणाऱ्यांच्या आवाजात ऐकता येतात. दरबाराशी नातं असलेल्या लोकांच्या मौखिक कथाही ध्वनिमुद्रित करून जोडल्या आहेत. फॉन लुशानच्या सूचीत जे नव्हतं ते हेच. वस्तू कशासाठी होती हे सांगणारी माणसं इथे पहिल्यांदा नोंदीच्या आत आली.

नकलेची शंका काही अंशी तरी फिटली, कारण त्याच सुमारास मूळ वस्तूही हलू लागल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंब्रिजच्या जीझस कॉलेजने पितळी कोंबडा आणि लगोलग ॲबर्डीन विद्यापीठाने ओबाचं मस्तक सुपूर्द केलं. २०२२ मध्ये बर्लिनच्या संग्रहालयाने ५०० हून अधिक वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली, अमेरिकेच्या स्मिथसोनियनने २९ वस्तू दिल्या, लंडनच्या हॉर्निमनने ७२. २०२५ मध्ये नेदरलँड्समधून ११९ आल्या. ब्रिटिश म्युझियम मात्र १९६३ च्या कायद्याकडे बोट दाखवतं. संग्रहातल्या वस्तू कायमच्या देऊन टाकायला तो कायदा जवळजवळ मनाई करतो.

मालकी कोणाची, हा वादही मिटलेला नाही. मार्च २०२३ मध्ये नायजेरियाच्या अध्यक्षांच्या आदेशाने परतणाऱ्या वस्तूंचे मालक ओबा ठरले. त्यावर काही संस्थांनी हात आखडता घेतला. अमेरिकेतल्या काही कृष्णवर्णीयांनी स्मिथसोनियनविरुद्ध कोर्टात जाऊन वेगळाच प्रश्न विचारला: ज्या कड्यांच्या बदल्यात आमचे पूर्वज विकले गेले त्याच कड्यांचं हे पितळ आहे, मग त्यात आमचा वाटा कुठे? कोर्टाने त्यांना साथ दिली नाही, पण त्या प्रश्नाला उत्तर देणारी एकही नोंद सूचीत असू शकत नाही.

आणि ५,२४६ हा आकडा पूर्ण नाही. तो सार्वजनिक संस्थांपुरताच आहे. लंडनमधल्या एका कलाविक्रेत्याने १९५१ मध्ये २३० पौंडांना घेतलेलं एक मस्तक २०१६ मध्ये एक कोटी पौंडांना एका खाजगी संग्राहकाकडे गेलं. अशा वस्तू या मोजणीबाहेर राहतात. मोहिमेवर गेलेल्या एका अधिकाऱ्याच्या नातवाने आजोबांकडून आलेला पितळी पक्षी आणि एक घंटा २०१४ मध्ये स्वतः बेनिन सिटीला नेऊन ओबांच्या हाती दिली. त्यासाठी त्याला ना कायदा आड आला, ना कोणाची परवानगी लागली.