जाड-बारीक भेदाची सेरिफ अक्षरशैली

ज्या छापील अक्षरांत उभे दांडे ठसठशीत जाड, आडव्या व जोडणाऱ्या रेषा केसाइतक्या बारीक आणि दांड्यांच्या टोकांना पातळ, सरळ सेरिफ (टोकाला जोडलेल्या छोट्या आडव्या रेषा) असतात, त्या अक्षरांची ही शैली होय. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये फर्मॅं दिदो आणि पार्मा येथे जाम्बातिस्ता बोदोनी (१७४०–१८१३) यांनी तिला पूर्णत्व दिले. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या लेखनाच्या वळणातून इतकी नाजूक रेषा आली आणि गुळगुळीत कागदामुळे ती छापणे शक्य झाले होते. पुढे इंग्लंडमध्ये जाहिरातींसाठी तिचे अतिजाड रूप आले.

कोकण किनाऱ्याचा रोमन मुद्रणाशी संबंध त्याहून जुना आहे. गोव्यात १५५६ मध्ये छापखाना सुरू झाला आणि १६१६ मध्ये राशोल येथे इंग्रज धर्मोपदेशक फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले. तेव्हा ही शैली जन्मालाही आली नव्हती. देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये मुंबईत काढलेल्या ‘दर्पण’मध्ये मराठी व इंग्रजी मजकूर बरोबरीने येत असे. दोन लिप्या एका पानावर शोभून दिसाव्यात, हा प्रश्न मराठी मुद्रणापुढे असा सुरुवातीपासूनच आहे.

या शैलीत तो अधिक कठीण होतो. रुंद टोकाच्या लेखणीने लिहिलेल्या रोमन अक्षरांत डावीकडून उजवीकडे उतरणारी रेषा जाड होते. तिरक्या छाटलेल्या बोरूने लिहिलेल्या देवनागरीत याच्या उलट, उजवीकडून डावीकडे उतरणारी. त्यामुळे रोमनमधील जाडी जशीच्या तशी देवनागरीवर लादली की अक्षर परके वाटते, आणि शिरोरेषेला सेरिफ समजून तिची टोके नटवली की शब्द तुटक दिसतो. जाड-बारीक भेद बोरूच्या वळणातूनच वाढवला पाहिजे. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘रोझा वन’ (२०१४) हा दोन्ही लिप्यांचा मुक्त फाँट या दिशेचा लक्षणीय प्रयत्न आहे.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात अशी अक्षरे लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची मुखपृष्ठे, नाटकांचे फलक आणि हापूसच्या पेट्या यांवर शोभतात. पत्रिकेवरील ‘शुभविवाह’ हा शब्द जवळून पाहावा : ‘श’ची गाठ, खालचा उकार आणि ‘वि’च्या वेलांटीची कमान येथे रेषा निमुळती होत जाते आणि लगेच शेजारचा दांडा भरदार उभा राहतो; सारी शोभा या चढउतारात आहे. मात्र सोनेरी फॉइलच्या छपाईत हीच निमुळती जागा प्रथम तुटते. आंब्याच्या पेटीच्या खरखरीत पुठ्ठ्यावर शाई पसरून ‘हापूस’मधील ‘पू’च्या उकाराची पोकळी बुजते, म्हणून तेथे बारीक रेषा थोडी जाड करून घ्यावी लागते.

ही शैली मोठ्या आकारासाठीच आहे. पत्रिकेतील मुहूर्त, पत्ता व निमंत्रकांची नावे लहान अक्षरांत असल्याने ती समान जाडीच्या साध्या वळणात जुळवतात.