साखरेचे इन्व्हर्जन आणि अभिक्रियेचा वेग

उसाच्या साखरेचा, म्हणजे सुक्रोजचा, एक रेणू पाण्याच्या एका रेणूशी संयोग पावून फुटतो आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज या दोन साध्या शर्करा तयार होतात. या अभिक्रियेला इन्व्हर्जन म्हणतात. रासायनिक अभिक्रियेचा वेग कशाकशावर ठरतो, याचा मोजून केलेला अभ्यास याच अभिक्रियेपासून सुरू झाला. पुढची साठेक वर्षे संशोधक पुन्हा पुन्हा तिच्याकडे वळत राहिले.

साखरच का, याचे उत्तर मोजण्याच्या सोयीत आहे. वेग मोजायचा तर ठरावीक वेळाने मिश्रणात काय किती उरले ते कळायला हवे. पण नमुना काढून तपासेपर्यंत त्या नमुन्यातही अभिक्रिया चालूच असते. मिथिल अ‍ॅसिटेट हे संयुग आम्लात फोडण्याच्या महाविद्यालयीन प्रात्यक्षिकात पिपेटमधला नमुना बर्फाच्या पाण्यात सोडून अभिक्रिया मंदावावी लागते ती याच कारणाने. साखरेला ही यातायात नाही. सुक्रोजचे द्रावण ध्रुवित प्रकाशाचे, म्हणजे एकाच प्रतलात कंपन पावणाऱ्या प्रकाशाचे, प्रतल उजवीकडे वळवते. त्याचे विशिष्ट वलन, म्हणजे ठरावीक परिस्थितीत प्रतल वळण्याचा कोन, सुमारे +६६.५ अंश. फुटल्यावर तयार होणारे मिश्रण ते डावीकडे, सुमारे −२० अंश वळवते. दिशा उलटते म्हणूनच इन्व्हर्जन हे नाव. हा कोन मोजणाऱ्या पोलारिमीटर या उपकरणाच्या नळीतल्या द्रावणाला हातही न लावता, नुसता कोन वाचून किती साखर उरली ते सांगता येते.

जर्मन शास्त्रज्ञ लुडविग विल्हेल्मी याने १८५० मध्ये नेमके हेच केले. साखरेचे प्रमाण, आम्लाचे प्रमाण आणि तापमान यांतले एकेक बदलत त्याने कोन टिपले. त्याला आढळले की कोणत्याही क्षणी साखर फुटण्याचा वेग त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. अर्धी साखर फुटायला तास लागला, तर उरलेल्या अर्ध्यातली अर्धी फुटायलाही तासच लागतो. पाणीही या अभिक्रियेत खर्च होते, पण ते इतके मुबलक असते की त्याची घट जाणवत नाही. विल्हेल्मीने हा नियम गणिती समीकरणात मांडला. त्या काळी त्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. पुढे रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्डने ते काम उजेडात आणले.

आम्ल येथे खर्च होत नाही, ते उत्प्रेरक असते, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रियेचा वेग वाढवते. सारख्याच संहतीचे हायड्रोक्लोरिक आम्ल आणि अ‍ॅसेटिक आम्ल घेतले, तर पहिल्यात साखर कितीतरी वेगाने फुटते, कारण त्यात मोकळे हायड्रोजन आयन कितीतरी जास्त असतात. ओस्टवाल्डने या फरकाचाच उपयोग आम्लांचे बळ मापण्यासाठी केला. उत्प्रेरणावरील त्याच्या कामाचा १९०९ च्या नोबेल पारितोषिकात वाटा आहे.

तापमानाचा प्रश्न जास्त गंमतीचा आहे. दहा अंशांनी तापमान वाढले की वेग दुप्पट होतो, हा ठोकताळा अनेकांना पाठ असतो. साखरेला तो लागू पडत नाही: २५ वरून ३५ अंश सेल्सियसवर नेले की इन्व्हर्जनचा वेग सुमारे चौपट होतो. गरम केल्याने रेणू जास्त वेळा आदळतात, हे स्पष्टीकरण येथे पुरत नाही, कारण तेवढ्या फरकाने रेणूंची सरासरी गती जेमतेम दोन टक्क्यांनी वाढते. स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांटे अ‍ॅरेनियसने १८८९ मध्ये साखरेच्या इन्व्हर्जनवरच लिहिताना ही विसंगती सोडवली. अभिक्रिया सगळेच रेणू करत नाहीत. पुरेशी ऊर्जा असलेले थोडेच करतात आणि तापमानाबरोबर या थोड्यांची संख्या झपाट्याने वाढते. अभिक्रियेसाठी लागणारी ही किमान ऊर्जा, आज जिला सक्रियण ऊर्जा म्हणतात, आम्लातील इन्व्हर्जनसाठी सुमारे ११० किलोजूल प्रति मोल आहे.

यीस्टमधील इन्व्हर्टेज हे विकर (एन्झाइम, म्हणजे सजीवांतील उत्प्रेरक) हेच काम सौम्य आम्लात, साध्या तापमानाला करते. लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी १९१३ मध्ये त्याचा अभ्यास केला, तेव्हा विल्हेल्मीचा नियम एका मर्यादेपुढे अपुरा ठरला. साखर वाढवत नेली की वेग आधी वाढतो, मग वाढायचा थांबतो, कारण विकराच्या साखर धरणाऱ्या सगळ्या जागा अडकलेल्या असतात. शिवाय जास्त तापवले की विकर स्वतःच निकामी होते.

घन पदार्थाच्या कणांचा आकार हा महत्त्वाचा घटक मात्र साखरेच्या द्रावणात दिसू शकत नाही. त्यासाठी शाळेत चुनखडीच्या शहाबादी फरशीचा तुकडा आणि तिचाच चुरा विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकून बुडबुडे पाहतात.

प्रयोगशाळेला ही अभिक्रिया चालायला हवी असते, साखर कारखान्याला ती थांबायला हवी असते. तोडलेल्या उसात विकरे आणि जिवाणू साखर फोडू लागतात. उन्हात पडलेल्या मोळ्यांत हे अधिक वेगाने होते, म्हणून तोडणीनंतर २४ तासांच्या आत गाळप व्हावे असा आग्रह असतो; उशीर झाला की उतारा, म्हणजे उसातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण, घसरतो. उसाचा रस मुळात आंबटसर, सुमारे ५ ते ५.५ सामूचा (पीएच) असतो. तो तापवण्याआधी तसाच राहिला तर उष्णता आणि आम्ल मिळून साखर खातील, म्हणून चुना घालून सामू ७ च्या आसपास आणतात. चुना जास्त झाला तर साध्या शर्करा बिघडून रस काळपट होतो. कारखान्यातल्या पॅनमध्ये, म्हणजे मोठ्या बंद भांड्यात, पाक निर्वातात उकळण्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण आहे: कमी दाबामुळे तो ६० ते ७० अंशांच्या आसपासच उकळतो.

गुऱ्हाळात हीच गोष्ट ढेपेवरून कळते. शिळ्या, आंबूस रसात साध्या शर्करा वाढलेल्या असतात. त्याचा गूळ चिकट होतो, नीट घट्ट धरत नाही. स्वयंपाकघरात उलट हवे असते. पाकात लिंबाचे चार थेंब पिळले की थोडी साखर फुटते आणि उरलेल्या साखरेचे खडे जमत नाहीत, म्हणून तो पाक साखरत नाही.